मुक्याचं गिऱ्हाईक

दशरथ परबाचं सायकलीबद्दल कधीच चांगलं मत नव्हतं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता तेव्हा तो म्हणायचा, सायकल म्हणजे माणसाचं घोडं करायचं यंत्र. वर बसलेलाही तोच आणि ओढणाराही तोच. मग गिरणी संपात बंद पडली. एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतले गिरणीवाले कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीवाले, कोणी नुसतेच दाढीवाले. दशरथाच्या वाट्याला नेमकं तेच घोडं आलं. काळी, जाड नळीची, मागे दरवाजाएवढं कॅरिअर ठोकलेली सायकल. कॅरिअरवर निळ्या प्लास्टिकात बांधलेला लादी पावांचा डोंगर, हँडलला दोन्हीकडे खारी-बटरच्या पिशव्या, आणि या सगळ्याच्या मधे उरलेल्या जागेत दशरथ.

एवढ्यावर भागलं असतं तर तो चार माणसांसारखा पाव विकून मोकळा झाला असता. पण दशरथ नुसता दशरथ नव्हता, बुवा होता. दशरथबुवा परब, भांडुप. डबलबारीच्या हँडबिलावर हे नाव जाड टायपात छापलं जायचं. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसतात, आळीपाळीने देवाचं गातात, आणि गजरात शिरले की देवाला जरा बाजूला बसवून एकमेकांची सालं काढतात. समोरच्या बुवाची बायको, गाव, पगार, टक्कल, काहीही सुटत नाही. ज्याचा टोमणा जास्त बसला त्याच्या नावाने टाळ्या. अशा माणसाने भांडुपात पाव विकायचा म्हणजे समोरच्या बुवाच्या हातात आपणच सुरी देऊन मान पुढे करायची.

म्हणून त्याने पाव फिरवायची लाईन घेतली ती मुलुंडची. उजाडायच्या आत डोक्याला टॉवेल गुंडाळून बेकरीतून निघायचा आणि आग्रा रोडला लागायचा. भरलेली सायकल शक्यतो थांबवायची नसते. थांबली की ती एका बाजूला कलायला लागते आणि खालच्या लाद्यांच्या पोळ्या होतात. नाहूरच्या कारखान्यांकडे वळणारे ट्रक त्याला घासून जात. ट्रकवाले त्याच्यासाठी हॉर्न वाजवत नसत. तो रस्त्यावर आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. दशरथही त्यांच्याकडे बघत नसे. मनातल्या मनात एकेकाला गजरात घ्यायचा आणि पायडल मारायचा.

आरोळी मात्र द्यायची नाही, हा त्याचा पण होता. पाववाल्याची आरोळी नाकातून काढावी लागते. एकदा गळ्याला ती सवय लागली की अभंगसुद्धा पावासारखा फुगून बाहेर येतो, अशी त्याची समजूत. त्याने रबरी गोळ्याचा एक भोंगा हँडलला बांधला.

"अवो, पाववालो आरडलो नाय तर लोकांका कळतला कसा?" त्याच्या बायकोने, मालनने, पहिल्याच दिवशी विचारलं.

"भोंगो घेतलंय ना."

"भोंगो कुल्फीवाल्याकडे पण हा."

"गळो माझो हा, मालन. तो पावासाठी नाय."

"बरा. आणि पोट कोणाचा हा?"

बुवांना डोक्यावर घ्यायची मालनला सवय नव्हती. ती चार घरच्या पोळ्या लाटायची आणि नवऱ्याच्या गळ्यासाठी ज्येष्ठमध आणायची. ज्येष्ठमध हातावर ठेवताना तोंडही सोडायची.

तिचं म्हणणं खरं ठरायला वेळ लागला नाही. मुलुंडला सुखशांती सोसायटीत भोंगा वाजला की पोरं नाणी घेऊन धावत खाली यायची आणि पाव बघून दशरथाकडे अशी बघायची की जणू याने कुल्फी खाऊन टाकली. एक बाई रोज जुने कपडे घेऊन उतरायची. तिला तो भांडीवाला वाटायचा. पाव तसाच परत जायचा. बेकरीचा शेठ काही बोलायचा नाही, नुसता परत आलेल्या लाद्यांकडे बघायचा.

मग एका सोमवारी नशीब फिरलं, आणि फिरलं ते घसा बसल्यामुळे. आदल्या दिवशी तालीम जोरात झाली होती. दशरथाचा आवाज म्हणजे नुसती हवा. सुखशांतीच्या तिसऱ्या मजल्यावरून वनमालाताईंनी वाकून विचारलं, "काय आहे रे तुझ्याकडे?"

वनमालाताई महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या आवाजात प्रश्नसुद्धा भाषणासारखे यायचे. दशरथाने वर बघितलं, गळ्याला हात लावला आणि नाही असा पंजा हलवला. बुवा लोकांत या खुणेचा अर्थ एकच: आज आवाज बंद, गळ्याला आराम.

मुलुंडमध्ये याचा अर्थ वेगळा निघाला.

"अगंबाई, मुका आहे," वनमालाताई म्हणाल्या. शेजारणीला म्हणाल्या, पण तळमजल्यालाही ऐकू गेलं. "इतके दिवस बिचारा भोंगा का वाजवतो ते आत्ता कळलं. थांब रे, थांब. अहो मथुराबेन, पाव घ्या याच्याकडून. मुका आहे."

त्या दिवशी प्लास्टिक रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी घसा सुटला होता, पण तोवर शेजारच्या दोन सोसायट्यांत बातमी पोचली होती आणि लोक टोपल्या दोरीला बांधून वाट बघत होते. आता तोंड उघडायचं म्हणजे इतक्या लोकांची दया अर्ध्यावर तोडायची. दशरथाने ती तोडली नाही. तो खोटं बोलला, असं कोणाला म्हणता यायचं नाही. तो बोललाच नाही.

मुकेपणाचे फायदे फार. कोणी भाव करत नाही. कोणी "कालचा पाव कडक होता" म्हणून वाद घालत नाही. उधारी मागायची लाज वाटते, कारण मुक्याला खुणेने उधारी समजावायची कशी. तोट्यातली गोष्ट एकच: मुका म्हणजे बहिराही असणार, असा मुलुंडच्या शिकल्या-सवरल्यांचा पक्का समज. काही जण त्याच्या कानाशी येऊन ओरडायचे. "सहा. पाव. स-हा." वर बोटं नाचवायची. बाकीचे त्याच्यासमोर खुशाल बोलायचे. तो सायकल स्टँडवर लावून, मान खाली घालून पाव मोजत राहायचा आणि ऐकत राहायचा. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाचा जावई काय पितो, कोण कोणाला कमिटीतून पाडणार आहे. एका बुवाला वर्षभर पुरेल एवढं गजराचं साहित्य, आणि सगळं फुकट जाणार, कारण गायचं भांडुपात आणि ही माणसं मुलुंडची.

एकदा वनमालाताई खाली उतरल्या होत्या. मथुराबेनला म्हणाल्या, "पाव तसा बेताचाच असतो हो याचा. शिळाच देत असतील बेकरीवाले याला, याला कुठे बोलता येतंय. पण म्हटलं असू दे, तेवढंच पुण्य."

पाव त्याच पहाटेचा होता. अजून कोमट होता. दशरथाने लादी तोडली, कागदात बांधली, हातात दिली. वनमालाताईंनी मान वाकडी करून, लहान मुलाला हसतात तसं, त्याच्या टॉवेलाकडे बघून हसून दाखवलं.

घरी येऊन त्याने मालनला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "शिळो म्हणता. जिभेक हाड नाय."

"तुमच्या जिभेक तरी खंय हा?" मालन म्हणाली. "मुकेपणान चार पैसे घराक येतत ना? मग ऐकून घेवा. माका पोळ्या लाटताना काय आरती ओवाळतत काय?"

अशी घडी बसली. सकाळी मुलुंडात मुका, संध्याकाळी भांडुपात बुवा. मधे आग्रा रोड.

ही घडी मोडायला चाळीची सत्यनारायणाची पूजा कारण झाली. दरवर्षी पूजेला डबलबारी असते. या वर्षी समोर घाटकोपरचे शिवदासबुवा, जे गेल्या वर्षी दशरथाकडून हरून गेले होते आणि तेव्हापासून जिभेला धार लावत बसले होते. दशरथ महिनाभर खुशीत होता. मग हँडबिलं छापून आली. मालनने एक आणून त्याच्यासमोर धरलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रमुख पाहुण्या: सौ. वनमालाताई, अध्यक्षा, महिला मंडळ, मुलुंड.

चाळीच्या सेक्रेटरीला, भाऊ राण्याला, बालवाडीसाठी मंडळाकडून सतरंज्या हव्या होत्या. सतरंज्यांसाठी त्याने बाईंना बोलावलं होतं.

"पुढच्या खुर्चेर बसतली," मालन म्हणाली. "तुमच्या समोर. नि तुम्ही तिच्यासमोर तोंड उघडतलात."

दशरथ खाली बसला. गायला तर उद्यापासून मुलुंड बंद. फसवलेली दया फार वाईट असते; सुखशांतीच काय, आजूबाजूच्या गल्ल्यांतूनही त्याला दगड मिळाले असते. आणि मुलुंड गेलं की बेकरी गेली, कारण दुसरी लाईन मोकळी नव्हती. नाही गायला, तर बुवा गेला. शिवदास घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत सांगत सुटला असता की परब पळाला.

"ताप इलो म्हणून सांगा," मालन म्हणाली.

"शिवदास म्हणतलो, माझ्या नावान इलो."

"म्हणू दे. त्याच्या म्हणण्याक काय दळून खातलात?"

दशरथ हँडबिलावरचं आपलं नाव बघत बसला. मालनने ज्येष्ठमधाचा तुकडा काढला आणि त्याच्यासमोर आपटून ठेवला. तो गाणारच हे तिला कळलं होतं, हे त्याला त्यावरून कळलं.

रविवारी दिवेलागणीलाच मांडव भरला. वनमालाताई आल्या. गळ्यात हार, कपाळाला अबीर, आणि बसायला भाऊ राण्याच्या घरची एकुलती एक हाताची खुर्ची. ती पहिल्या रांगेत, दशरथाच्या पेटीपासून चार हातांवर. दशरथाने फेटा कपाळावर खाली ओढला. मालन बायकांत मागे बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला.

शिवदासबुवाने पहिली बारी धरली. आवाज बरा होता, माणूस नव्हता. गजरात त्याने दशरथाला बेकार म्हटलं, संपवाला म्हटलं, बायकोच्या पोळ्यांवर जगणारा म्हटलं. लोक हसले. यातलं काहीच नवीन नव्हतं. मांडवातले निम्मे पुरुष तेच होते, आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

बारी संपली. दशरथाने पेटी पुढे ओढली, तेवढ्यात भाऊ राणे माईक घेऊन उठला. प्रमुख पाहुण्यांना मुलुंडला परत जायचं होतं, तेव्हा त्या दोन शब्द आत्ताच बोलणार.

वनमालाताई दोन शब्दांवर कधी थांबल्या नव्हत्या. त्या बालवाडीवर बोलल्या, स्वच्छतेवर बोलल्या, सतरंज्यांवर मात्र बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "समाजसेवा करायला लांब जावं लागत नाही, बायांनो. आमच्याकडे एक मुका पाववाला येतो. जन्माचा मुका. त्याचा पाव कोणी घेत नव्हतं. मी स्वतः घरोघर सांगितलं, याच्याकडूनच घ्या. आज त्याचं घर चालतं. मला बघितलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला बोलता येत नाही, पण त्या पाण्यात सगळं येतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालनने पदराचा बोळा तोंडात घातला. दशरथ पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत, सुखशांतीच्या अंगणात, फक्त धूळ आणि घाम आलेला होता.

आता डबलबारीचा एक रिवाज आहे. मांडवात नुकतं जे बोललं गेलं ते बुवाने तिथल्या तिथे उचलायचं आणि गजरात घालायचं. लाऊडस्पीकर करकरला तरी त्याच्यावर ओळ जुळवणारे बुवा आहेत. दशरथाने अभंग घेतला, तो नीट गेला. मग पखवाज दुप्पट लयीत शिरला आणि गजर आला. शिवदासाला द्यायला त्याच्याकडे पंधरा दिवसांची तयारी होती: त्याचे दोन संसार, त्याचं कर्ज, त्याची पेटीतली बेसूर पट्टी. सगळं जिभेवर होतं. ते जिभेवरच राहिलं आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं:

"मुलुंडात मी मुका बापडा, भांडुपात मी बुवा,
पाव विकुनी पोट भरीतो, पाव मला रे देवा."

मग कोरसने पाठ धरली, "पाव मला रे देवा," आणि सगळा मांडव उसळला. पाव आणि पाव. माणसं गुडघ्यावर हात मारत होती. "बुवांनी बाईंचंच उचललं," भाऊ राणे ओरडला. पखवाजवाल्याने जागा दिली आणि दशरथ सुटला. त्याने सायकल सांगितली, टॉवेल सांगितला, भोंगा सांगितला. कानाशी ओरडून सहा पाव मागणारा सांगितला. शिळ्या पावाचं पुण्य कमावणारी बाई सांगितली. प्रत्येक ओळ खरी होती आणि प्रत्येक ओळीला लोक आणखी जोरात हसत होते. वनमालाताईही हसत होत्या, टाळ्या देत होत्या, शेजारच्या बाईला सांगत होत्या की हे सगळं माझ्यावरून सुचलंय हं त्यांना.

शिवदासबुवाने पेटी मिटली. स्वतःलाच इतकं घेणाऱ्या माणसाला आणखी काय घ्यायचं.

वनमालाताई शाल द्यायला पुढे आल्या. शाल पांघरताना त्यांचं तोंड दशरथाच्या तोंडापासून वीतभर होतं. फेटा मागे सरकला होता. गॅसबत्तीचा उजेड सरळ त्याच्यावर पडत होता.

"बुवा, माझ्या मुक्याला तुम्ही अमर केलंत," त्या म्हणाल्या.

"बाई, तो मुका मीच," दशरथ म्हणाला.

वनमालाताईंनी डोळे मिटले, मान हलवली. "खरं आहे. त्याच्यापुढे आपण सगळेच मुके. काय बोललात, बुवा." आणि नारळ त्याच्या हातात देऊन टॅक्सीकडे गेल्या.

सकाळी मालनने चहा पुढे ठेवला. "देवान बघल्यान," ती म्हणाली. "गळोव रवलो, पोटव रवला. आता गपचूप जावा."

"तिना माका ओळखल्यानच नाय."

"नाय ओळखल्यान ता बरा झाला."

"तोंडाक तोंड होता गो, मालन. इतके महिने पाव खाल्ल्यान माझो."

"पाव खाल्ल्यान. तोंड कशाक बघतली? तोंडाक काय लोणी लायतत?" मालनने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "अवो, नका करू असा. चलला हा ता चलू दे."

त्याने चहा संपवला आणि टॉवेल डोक्याला गुंडाळायचा तो खांद्यावर टाकला.

सुखशांतीच्या अंगणात त्याने सायकल स्टँडवर लावली, छाती भरून घेतली आणि आरोळी दिली. नाकातून नाही. बेंबीपासून काढली, वरच्या पट्टीत नेली आणि तिथे धरून ठेवली. "पाऽऽव." कबुतरं उडाली. दोन खिडक्या आपटल्या, चार उघडल्या. तिसऱ्या मजल्यावर वनमालाताई गॅलरीत आल्या.

"ए, कोण रे तू?"

"पाववाला, बाई."

"इथे पाववाला ठरलेला आहे. तू जा."

"मीच तो."

"आमचा मुका आहे."

"मीच मुका."

"मग बोलतोयस कसा?"

"बाई, काल तुम्ही मला शाल दिलीत," तो म्हणाला.

"शाल? तुला?" वनमालाताई शेजारच्या गॅलरीकडे वळल्या. "ऐकलंत का, मथुराबेन? सकाळी सकाळी घेऊन आलाय वाटतं. अरे, धडधाकट माणूस तू, एवढा गळा आहे, दुसरीकडे कुठेही विकशील. त्या मुक्याची लाईन बळकावतोस? तो येईल आता बिचारा भोंगा वाजवत. लाज वाटत नाही मुक्याचं गिऱ्हाईक तोडायला? वॉचमन, याला बाहेर काढ आधी. आणि आपला मुका आला की सरळ वर पाठव."

वॉचमन नाना, म्हातारा, खाकी सदरा, पायांत चपला दोन वेगळ्या. तो हलत हलत आला, सायकलच्या हँडलला हात लावला आणि दशरथाबरोबर फाटकाबाहेर चालत गेला. बाहेर भिंतीआड आल्यावर त्याने दोन पाव मागितले.

"चांगला मुका होतास," तो म्हणाला. "काय खाज आली तुला?"

दशरथ बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. इथेच तुझं टायर बसलं होतं, तेव्हा तू जी शिवी दिलीस ती मालवणच्या मुक्यालाच येते."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"मला कोण विचारतं?" नानाने पाव मोडून तोंडात टाकला. "बाई आता दिवसभर मुक्याची वाट बघणार. संध्याकाळपर्यंत तुलाच पोलिसात देईल, मुक्याला पळवला म्हणून."

दशरथाला हसू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. लाद्यांचा डोंगर तसाच होता. त्याने दोरी ओढून आवळली, सायकल स्टँडवरून काढली, चार पावलं ढकलत नेली आणि टांग टाकली. शेठ संध्याकाळी काय बघणार ते त्याला आत्ताच दिसत होतं. मालन काय बोलणार तेही. चार गल्ल्या सोडून पुढे त्याला कोणी ओळखत नव्हतं, मुका म्हणूनही नाही आणि बुवा म्हणूनही नाही. तिथे त्याने पुन्हा तीच पट्टी लावली.

वरच्या एका खिडकीतून दात घासता घासता एक बाई बाहेर डोकावली. तिने त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ए गवय्या," ती म्हणाली, "पाव ताजा आहे की तुझ्यासारखाच कालचा?"

"ताजा आहे, बाई. हात लावून बघा, कोमट लागेल."

"सगळे असंच सांगतात. आणि ओरडू नकोस एवढा, पोर झोपलंय माझं. काय भाव?"

दशरथाने सायकल भिंतीला टेकवली आणि भाव सांगितला. बाईने तो कमी करायला सुरुवात केली.